उघाडीचं दार

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

दार आज चौकटीत बसलं. सुतार बर्नार्डकाका त्यांच्या एका माणसाला घेऊन सकाळी आठला पापडीहून टेम्पोने आले आणि साडेबाराला बिजागऱ्या ठोकून मोकळे झाले. दार सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद. कुठेही घासत नाही. मी एकोणीस वेळा उघडून लावून पाहिलं.

लाकूड कुठून आलं ते नोंदवून ठेवतो. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांधाला लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. भरतीला लावायची, ओहोटीला उघडायची. आमच्या गावच्या उघाडीवर बाबा एकतीस वर्षं होते. मग तिथे लोखंडी झडप बसली आणि जुन्या सागवानी फळ्या गावाने बाबांना दिल्या. दोन पावसाळे त्या मागच्या अंगणात पडून होत्या. आता त्यांचं आमच्या नव्या घराचं पुढचं दार झालं. दार पश्चिमेला. म्हणजे दुपारचं ऊन, खाडीचा वारा, आडवा पाऊस, सगळं थेट त्याच्यावरच.

जाताना बर्नार्डकाकांनी विचारलं, पॉलिश मारायचं की रंग. आई म्हणाली रंग, चॉकलेटी. धाकटा भाऊ विकी म्हणाला पॉलिश, रंग मारला तर सरकारी दवाखाना वाटेल. बाबा ओट्यावर बसून विडी ओढत होते. ते म्हणाले, "तेल पाज त्याला."

प्रश्न पॉलिश की रंग असा होता, त्यामुळे मी त्याकडे लक्ष दिलं नाही. बर्नार्डकाकांना म्हटलं, दोन दिवसांत सांगतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस झाले. सांगितलं नाही.

दुकानात (मी वसई स्टेशनजवळच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात काम करतो) गिऱ्हाईक नसताना फोनवर सात व्हिडिओ पाहिले. त्यातून कळलं की पॉलिश हा शब्दच ढोबळ आहे. बाहेरच्या दाराला स्टेन लावतात. स्टेन लाकडात मुरतो, रेषा दिसू देतो, पण दर एक-दोन वर्षांनी परत लावावा लागतो. रंग वर बसतो, जास्त टिकतो, उन्हापासून वाचवतो. पण आत ओल असेल तर रंगाला फोड येतात. एका गोऱ्या माणसाने दमट हवेत स्टेनच लावा असं ठामपणे सांगितलं. दुसऱ्या गोऱ्या माणसाने तितक्याच ठामपणे रंग. दोघांच्याही मागे बर्फ पडत होतं.

वहीत दोन रकाने आखले. स्टेनच्या बाजूला अकरा मुद्दे आले, रंगाच्याही बाजूला अकराच. बारावा मुद्दा शोधतोय.

२३ फेब्रुवारी, रविवार

रचनाला भेटलो. आमचा साखरपुडा जानेवारीत झाला, लग्न ११ मे रोजी आहे. ती विरारला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. आम्ही बोळिंजच्या बागेत बसलो. मी तिला दोन्ही रकाने वाचून दाखवले, बाबांचं तेलाचं मतही गंमत म्हणून सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं, मध्ये बोलली नाही. मला वाटलं तिला विषयात रस आहे.

मग ती म्हणाली, "धनेश, बी.कॉम.चं दुसरं वर्ष तू सोडलंस की चालू आहे?"

मी म्हटलं, चालूच समज. फॉर्म भरायचा राहिलाय.

"आणि लायसन्स?"

लर्निंग तीनदा काढलं, तिन्ही वेळा मुदत संपली, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं.

ती म्हणाली, "तुझं सगळं चालू असतं. झालेलं काहीच नसतं. मला एक गोष्ट झालेली दाखव. ते दारच दाखव. हनुमान जयंतीला, बारा एप्रिलला मी बघायला येणार. झालेलं असेल तर पत्रिका छापायला देऊ. नसेल तर मी घरी सांगेन की मला हे जमणार नाही."

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. पेशंटला दंड पुढे करा म्हणतात तशा आवाजात बोलली. नंतर आम्ही भेळ खाल्ली. 

२४ फेब्रुवारी, सोमवार

झोप लागली नाही. दार झालं नाही तर लग्न नाही. म्हणजे दाराचा निर्णय चुकून चालणार नाही. म्हणजे घाई करून चालणार नाही.

गावाच्या ग्रुपवर मत मागवलं. प्रश्न नीट, शुद्ध लिहिला. रंग : एकतीस. स्टेन : चौदा. चार जणांनी सुप्रभातचं फूल टाकलं. एकाने स्कूटर विकायला आहे असं कळवलं. दोघांनी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, वाढदिवस ऑक्टोबरमध्ये असतो. सरपंचांच्या भाच्याने विचारलं की दार कुणाच्या परवानगीने बसवलं.

रंगाला बहुमत आहे. पण त्यातल्या किती जणांनी अभ्यास केला आहे?

२ मार्च, रविवार

आज मार्ग सापडला. प्रयोग.

दार करताना उरलेल्या फळीचे चार सारखे तुकडे बर्नार्डकाकांकडून कापून आणले, पॉलिशपेपर मारून गुळगुळीत केले आणि पश्चिमेच्या भिंतीवर ओळीने टांगले.

अ : प्रायमर आणि दोन हात तेलरंग, चॉकलेटी.
आ : स्टेन आणि वर पारदर्शक वॉर्निश.
इ : नुसता स्टेन.
ई : काहीच नाही. याला तुलनेचा तुकडा म्हणतात. याला काहीही लावायचं नसतं.

बारा एप्रिलपर्यंत बरोबर बेचाळीस दिवस आहेत. रोज सकाळी मापकाने हवेतली आर्द्रता मोजायची. रोज संध्याकाळी प्रत्येक तुकड्यावर झारीने चार तांबे पाणी, म्हणजे पावसाळ्याचा अनुभव. सगळं रजिस्टरमध्ये. ही दैनंदिनी वेगळी, रजिस्टर वेगळं.

संध्याकाळी पहिला पाऊस पाडला. आई दारात उभी राहून बघत होती. शेजारणीने विचारलं, काय करतो ग तुझा धनेश. आई म्हणाली, "लाकडाला आंगोल घालतंय. लगीन ठरलंय त्याचं."

५ मार्च, बुधवार

आर्द्रता ९९ टक्के. घाबरलो. मार्चमध्ये ९९ म्हणजे काहीतरी भयंकर आहे. मग कळलं की विकी मापकावर तोंड लावून हा हा करतो आणि आकडा वर गेला की आईला बोलावून दाखवतो. मापक उंचावर ठेवला. खरी आर्द्रता ७४.

९ मार्च, रविवार

रचना अचानक आली, स्कूटरवर. मला वाटलं दार बघायला आली, पण म्हणाली, आईंना भेटायला आले. हातात एक जड कापडी पिशवी होती. चहा घेतला. मी तिला तुकडे दाखवले. तिने अ, आ आणि इ पाहिले, मग ई समोर उभी राहिली. म्हणाली, "ह्याला काहीच नाही?" मी तुलनेचा तुकडा म्हणजे काय ते समजावलं. ती म्हणाली, "आमच्याकडे लॅबमध्येपण असतो एक. त्याला कंट्रोल म्हणतात." मला फार बरं वाटलं. आम्हा दोघांचं काम एकाच पद्धतीचं आहे.

नंतर ती मागच्या अंगणात बाबांशी बराच वेळ बोलत होती. मी विचारलं तर बाबा म्हणाले, गुडघ्याचं विचारत होती. दिवाळीपासून बाबांचा गुडघा धरलाय, ते बांधापलीकडे कुठे जात नाहीत. चांगली मुलगी आहे. सासऱ्याच्या गुडघ्याची आतापासून काळजी करते. जाताना तिच्या हातात पिशवी नव्हती. आईसाठी काही आणलं असेल.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. दुकान बंद. मी सकाळी सहापासून तुकड्यांसमोर खुर्ची टाकून बसलो होतो. साडेदहाला जेवढा वेळ मी लघवीला गेलो तेवढ्यात विकी आणि त्याच्या मित्रांनी आ वर गुलाबी पाणी मारलं. रजिस्टरमध्ये नोंद केली : 'आ : बाह्य घटकामुळे दूषित.' विकी म्हणाला, "घे, झाला दाराला रंग. कर फोन वहिनीला."

त्याला कळत नाही की काय पणाला लागलंय. मी त्याला सांगितलं. त्याने गुलाबी हात पँटला पुसले. मग म्हणाला, "दादा, एक बोलू? तू कुठलाही डबा उघड आणि मार ना. वहिनी काय भिंग घेऊन येणार आहे?"

शास्त्र असं चालत नाही.

१९ मार्च, बुधवार

अ ला फोड आले. उजव्या कोपऱ्यात तीन, मधे एक, सगळ्यात मोठा चिंचोक्याएवढा. टाचणीने टोचला तर आतून पाणी आलं. चाखून पाहिलं. खारट.

बर्नार्डकाकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे बाला, चाळीस वर्सं खाडीत उभं होतं ते. त्याच्या पोटात मीठ हाय. मीठ हवेतलं पानी वढतं. तू वरून रंगाचं झाकन लावलंस, तं ते पानी जानार कुठं? आमच्या पापडीला एकाने होडीच्या फळ्यांची खिडकी केली नि वर तेलरंग मारला. दर वर्साला सोलतो, दर वर्साला मारतो. आता त्याचा मुलगा सोलतो."

मग रंग बाद, असं मी म्हटलं. ते म्हणाले बाद. मग स्टेन ना? ते म्हणाले, "स्टेन म्हणजे काय रे? तेलच ना, थोडा रंग टाकलेला." मी म्हटलं, ते मला माहीत आहे, पण स्टेन लावू का? ते म्हणाले, चर्चची घंटा वाजली, बेलाची प्रार्थना झाली, मी जेवतो.

२५ मार्च, मंगळवार

आ चा वॉर्निश ढगाळला. गुलाबी रंगामुळे की मिठामुळे ते सांगता येत नाही, कारण तो दूषित आहे. इ बरा आहे पण फिका पडत चाललाय.

आणि ई. इथे मला नीट लिहिलं पाहिजे.

ई ला काहीही लावलेलं नाही. तरीही तो गेल्या दहा दिवसांत काळपट तांबूस झाला आहे, आणि रेषा अशा दिसतात जणू कुणी पेन्सिलने काढल्यात. संध्याकाळी पाऊस पाडला तर त्याच्यावर पाणी अळूच्या पानावरच्यासारखं थेंब थेंब होऊन घरंगळलं. फोड नाही, बुरशी नाही. हात लावला तर मऊ लागतो. वास येतो, थोडा जवसाच्या चटणीसारखा. जुन्या सागाला असा वास येत असावा.

हे कुठल्याच व्हिडिओत नाही.

बाबांना विचारलं, ई मध्ये काही वेगळं दिसतं का. ते म्हणाले, "बरा हाय. खाऊनपिऊन हाय."

३० मार्च, रविवार

पाडवा. आईला नव्या दाराला तोरण बांधायचं होतं, त्यासाठी खिळा हवा होता. मी खिळा मारू दिला नाही, उघड्या लाकडात खिळ्यातून गंज उतरतो. तोरण चिकटपट्टीने लावलं. श्रीखंड खाईपर्यंत ते पडलं. आईने माझ्या पानात दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं नाही.

दुपारी सिद्धान्त लिहून काढला, दीड पान. थोडक्यात : ज्या लाकडाने चाळीस वर्षं खाडीचं पाणी पचवलं, त्याला मोकळं सोडलं तर ते आपल्या अंगातलाच रस पृष्ठभागावर आणतं आणि स्वतःचं रक्षण करतं. रंग आणि स्टेन दोन्ही त्यात अडथळा आणतात. म्हणून स्टेन की रंग हा प्रश्नच चुकीचा होता.

संध्याकाळी बर्नार्डकाका कुणाच्या तरी खिडक्यांचं माप घ्यायला गावात आले होते, त्यांना ई दाखवला आणि सिद्धान्त वाचून दाखवला. त्यांनी ई वर अंगठा फिरवला, अंगठा नाकाशी नेला, मग ओट्यावर बसलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबा खाडीकडे बघत होते.

मी विचारलं, तुमचं मत काय. बर्नार्डकाका म्हणाले, "आमचे उपासाचे दिवस चालू हायत. खोटं बोलनार नाय. म्हनून काय बोलतच नाय."

धार्मिक माणूस आहे.

६ एप्रिल, रविवार

निर्णय झाला. तारीख अधोरेखित करून ठेवतो. माझ्या आयुष्यात मी स्वतः अभ्यास करून, पुरावा गोळा करून घेतलेला हा पहिला निर्णय : दाराला काहीही लावायचं नाही.

रचनाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काहीच न लावणं म्हणजे दार झालं?" मी म्हटलं, हो, विचारपूर्वक काही न लावणं आणि आळसाने काही न लावणं यात फरक आहे. माझ्याकडे रजिस्टर आहे. ती म्हणाली, "बरं. बारा तारखेला बघते." मग म्हणाली, "बाबा आहेत का तिथे? जरा दे." बाबांनी फोन घेऊन नुसतं हं, हं, नाय, नाय सांगितलं नाय, असं केलं आणि परत दिला. गुडघ्याचं काहीतरी असेल. बाबा डॉक्टरकडे जायचं टाळतात.

झोप छान लागली. लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर तयार करून ठेवला. चार वेळा तपासला.

९ एप्रिल, बुधवार

हे कसं लिहू.

दुपारी तीनला स्टेशनकडची वीज गेली. झेरॉक्स बंद, शेठ म्हणाले घरी जा. चारला घरी पोहोचलो आणि घरात न जाता ई ची दुपारची स्थिती बघावी म्हणून आधी त्या भिंतीकडे गेलो. बाबा स्टुलावर दुखरा पाय लांब करून बसले होते. मांडीत ई. हातात जुन्या लुंगीचा बोळा. ते ई ला चोळत होते, लहान मुलाला न्हाऊ घालायच्या आधी चोळतात तसे. बाजूला तेलाचा डबा.

मी विचारलं, हे काय करताय.

"दव पुसतो," बाबा म्हणाले.

दुपारी चार वाजता दव नसतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी बोळा खाली ठेवला. कधीपासून, असं विचारलं. शिमग्याच्या आधीपासून, रोज नाही, एक दिवस सोडून. मी विचारलं, का?

"तीन जनांना तू कपडं घातलंस. ह्यो एकटाच उघडा. बघवलं नाय."

मी म्हटलं, बाबा, तो उघडाच ठेवायचा होता. तुलनेसाठी. माझे अडतीस दिवस फुकट गेले. मला सांगायचं तरी.

"पयल्या दिशी सांगितलं ना. तेल पाज म्हटलं. तू आयकलंस? परत सांगितलं आस्तं तं तू पाचवा तुकडा टांगला आस्ता."

मी पाचवा तुकडा टांगलाच असता. त्यालाही बेचाळीस दिवस लागले असते.

बाबा उठायला लागले, गुडघा धरला म्हणून परत बसले. मला वाटलं आता रागावतील. ते खाडीच्या दिशेने हात करून म्हणाले, "एकतीस वर्सं मी थय काय केलं? भरती आली का लावली, वहोटी झाली का उघडली. भरती कोनाला विचारून येत नाय, धनेश. मी जर दोन्ही बाजू लिवत बसलो आस्तो ना, तं गावाने मीठ खाल्लं आस्तं, भात नाय."

मी आत जाऊन पडलो. रजिस्टर उशीखाली होतं, ते टोचत होतं.

१० एप्रिल, गुरुवार

स्थिती अशी. प्रयोग बाद. सिद्धान्त बाद. निर्णय बाद. नवीन प्रयोग उद्या सुरू केला तर २२ मे उजाडेल, लग्न ११ मेला आहे. दाराला आजही काहीही लावलेलं नाही.

दोन रकाने केले : रचनाला सांगावं, सांगू नये.

सांगू नये : ई सुंदर दिसतो. तिला खरं कळणार नाही. बाबा बोलणार नाहीत. बर्नार्डकाकाही बोलणार नाहीत, त्यांचे उपास ईस्टरपर्यंत आहेत. पत्रिका छापल्या जातील. लग्न होईल. मग मी गुपचूप दाराला तेल लावीन आणि ती विचारेल तर दव पुसतोय म्हणेन.

सांगावं : खोटं आहे म्हणून.

सात मुद्दे एकीकडे, एक दुसरीकडे. आजवर माझे रकाने नेहमी सारखे येत. हे पहिल्यांदाच असं आलं. आणि तरीही मला सात मुद्द्यांकडे बघवत नाही.

ती लॅबमध्ये काम करते. कुणी तिच्या कंट्रोलमध्ये काही मिसळलं आणि तिला न सांगता रिपोर्ट दिला तर? त्या रिपोर्टवर कुणी औषध घेतलं तर?

११ एप्रिल, शुक्रवार

दुकानात दिवसभर चुका केल्या. एका म्हाताऱ्याच्या अर्जात 'वारस' च्या जागी 'वॉर्निश' टाइप केलं. विकीने रात्री जेवताना विचारलं, "दादा, ती नाय म्हणाली तर तू काय करशील?" आईने त्याच्या डोक्यावर टपली मारली.  हेही रकान्यात घालता येत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

रचना साडेदहाला आली. पिवळा ड्रेस. आई-बाबांच्या पाया पडली, पाणी प्यायली आणि दारासमोर जाऊन उभी राहिली. दार बसवलं त्या दिवशी होतं तसंच कोरडं, फिकट, वरच्या बाजूला उन्हाने राखाडी व्हायला लागलेलं.

मी निवेदन लिहून ठेवलं होतं, ते रजिस्टरसकट तिच्या हातात दिलं. ती ओट्याच्या पायरीवर बसून वाचायला लागली. शेवटचं पान तिने दोनदा वाचलं. त्यावर लिहिलं होतं की ई या तुकड्यास दिनांक अंदाजे १० मार्चपासून माझ्या वडिलांनी तेल लावले असल्याने माझा दिनांक ६ एप्रिलचा निर्णय ग्राह्य धरू नये, दार पूर्ण झालेले नाही, आणि यात दोष माझा आहे, वडिलांचा नाही.

तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मला वाटलं हे तू सांगणार नाहीस."

मी म्हटलं, सांगायला हवं होतं.

"हो. हवंच होतं." तिचे डोळे ओले वाटले, पण पश्चिमेचा वारा होता, धूळ असेल. रजिस्टर बंद करून तिने विचारलं, "मग आता? परत बेचाळीस दिवस?"

"नाही," मी म्हटलं. "तेल."

"कधी?"

तेल लावताना आर्द्रता सत्तरच्या खाली असावी असं त्या गोऱ्या माणसाने सांगितलं होतं. मी मापकाकडे पाहिलं. ७८. आकाशातही थोडं मळभ होतं. सोमवारी कदाचित कमी होईल असं माझ्या तोंडाशी आलं. रचना माझ्याकडे बघत होती. बाबा ओट्याच्या टोकाला बसले होते, ते मात्र माझ्याकडे बघत नव्हते.

"आत्ता," मी म्हटलं. 

मला वाटलं होतं की बोळे शोधावे लागतील. पण बाबांनी स्टुलाखालून डबा, चार स्वच्छ बोळे आणि एक चपटा ब्रश काढून पुढे सरकवला. आईने कोरड्या फडक्याने दार पुसून दिलं. मी वरच्या फळीपासून सुरुवात केली. लाकूड तेल असं ओढून घ्यायला लागलं की मला पुन्हा पुन्हा डब्यात ब्रश बुडवावा लागला. फिकट होतं ते काळपट तांबूस होत खाली उतरत गेलं. दोन फळ्यांच्या सांध्याशी मी थांबलो, आधी सांधा भरायचा की फळी पूर्ण करायची ते कळेना.

रचना पायरीवरून म्हणाली, "शीर सापडली ना? मग टोच. पेशंट ओरडत नाहीये."

विकी हसला. मी सांधा भरला.

तिने एकदाही हात लावला नाही. दोन तास बसून होती, आईबरोबर चहा घेतला, मधेच बाबांशी पावसाआधी किती वेळा लावायचं ते बोलली. बाबा म्हणाले, दोन वेळा पावसाआधी, एकदा दिवाळीत, आणि जोवर दार आहे तोवर. ती म्हणाली, म्हणजे दर वर्षी. बाबा म्हणाले, दर वर्षी. तिने मान हलवली.

एक वाजून वीस मिनिटांनी शेवटची फळी झाली. दोन्ही हातांना तेल, सदऱ्यालाही.

रचना उठली. दाराच्या कडेला, जिथे तेल नव्हतं, तिथे बोट लावून दार एकदा ढकललं आणि एकदा ओढलं. "झालं?"

मी सांगणार होतो की दुसरा हात उद्या, तिसरा आठवड्याने, आणि खरं तर आतल्या बाजूचं अजून ठरायचं आहे.

"झालं," मी म्हटलं.

तिने तिथेच उभं राहून तिच्या वडिलांना फोन लावला. "पप्पा, छापायला द्या." मग पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "नाही, अगदी नीट नाहीये अजून. पण झालंय."

१३ एप्रिल, रविवार

आर्द्रता मोजली नाही. विसरलो.

सकाळी दाराला दुसरा हात दिला. लाकडाने अर्धंच तेल घेतलं, बाबा म्हणाले पोट भरत आलं. आईने स्वतः खिळा आणून मधोमध ठोकला आणि तोरण बांधलं. मी बघत उभा राहिलो. विकीने रजिस्टर भेळ बांधायला मागितलं, ते दिलं नाही. अ, आ आणि इ खाली उतरवले.

दुपारी डबा मागच्या खोलीत ठेवायला नेला. तिथे त्याची रिकामी कापडी पिशवी होती, ती झटकली तर तळाशी पावती होती. अळशीचं तेल, पाच लिटर, एक डबा. ब्रश, चपटा, एक. तारीख ८ मार्च. दुकान विरार पश्चिमेचं, रचनाच्या लॅबच्याच गल्लीतलं.

बाबा दिवाळीपासून बांधापलीकडे गेलेले नाहीत. एवढा जड डबा घेऊन, तसल्या गुडघ्याने, ते विरारला कधी गेले आणि कसे परत आले ते त्यांना विचारायचं राहिलं.